पहिला नकार धरायचा नसतो

फलटणात कुणाच्या घरी गेलात आणि चहा विचारला गेला, तर आधी ‘नको’ म्हणायचं असतं. हे कोणी शिकवत नाही, पण दुधाचे दात पडायच्या आत प्रत्येकाला येतं. पहिला नकार कोणी जमेस धरत नाही. दुसरा अर्धा धरतात, कारण तोवर पातेलं गॅसवर चढलेलं असतं. त्यानंतरही जो ‘नको’ म्हणेल त्याला साखरेचा त्रास असावा असं समजून त्याच्यापुरता बिनसाखरेचा वेगळा टाकतात. शेवटी माणूस चहा पिऊनच उठतो. शेवट काय होणार हे यजमानाला ठाऊक, पाहुण्याला ठाऊक, कपबशीलाही ठाऊक. तरी मधला एखादा नकार गाळून कोणी वेळ वाचवल्याचं ऐकिवात नाही. जो वाचवतो त्याच्याबद्दल मागून बोलतात, की माणूस हावरट निघाला.

मयूरी नाळे याच रीतीत वाढली होती, आणि याच रीतीने तिचं न्यूझीलंड हुकलं.

सेहेचाळिशीची, सडसडीत, बोलण्यापेक्षा खुणेवर भागवणारी बाई. गावातल्या उत्कर्ष व्यायाम मंडळात मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली पंच झाल्या, क्रीडाशिक्षिका झाल्या, दोघीतिघी परदेशी जाऊन मोठमोठ्या रंगमंचांवर दोराला लटकू लागल्या. मयूरी मात्र त्याच पत्र्याखाली, त्याच तुळईला दोर बांधत राहिली. मंडळाच्या समारंभात पाहुण्याला नारळ कोणी द्यायचा तर मयूरीने, आणि पाहुणा म्हणून बोलवायचं ते दुसऱ्याच कोणाला, असा शिरस्ता होता. तिने त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. कोणी विचारलं असतं तर ‘मला काय करायचंय’ म्हणाली असती, आणि तेवढा नकार मात्र मंडळींनी ताबडतोब धरला असता.

मग डनेडिनहून मॉइरा टेट यांचा व्हिडिओ-कॉल आला. डनेडिन म्हणजे न्यूझीलंडच्या पार दक्षिणेचं थंड गाव. तिथल्या जिम्नॅस्टिक्स क्लबला दोरीचा मल्लखांब सुरू करायचा होता. मुलींचे व्हिडिओ पाहून मॉइराबाईंनी, शिफारशी वगैरेच्या भानगडीत न पडता, शिकवणारीलाच गाठलं. शब्द सुटे सुटे करून, समोरचीला कळेल अशा इंग्रजीत त्यांनी विचारलं: दोन वर्षांसाठी मुख्य प्रशिक्षक म्हणून आमच्याकडे याल का? हॉल रिकामा आहे. तुमच्या मनासारखा उभा करा.

मयूरीच्या पोटात उजेड पडला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिचं नाव घेऊन तिला काहीतरी देऊ करत होतं. आणि ती म्हणाली, “नो, नो. आय ॲम स्मॉल कोच. मेनी बेटर पीपल.” मग तिने ओढणी सारखी केली आणि हसून गप्प बसली. आता पाळी त्यांची होती.

मॉइराबाईंनी मान हलवली. तुमचा प्रामाणिकपणा आवडला म्हणाल्या, वेळ दिल्याबद्दल आभार मानले आणि पडदा काळा झाला.

जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं, की विचारलंय त्यांनी, आता परत फोन येईल. नवरा धैर्यशील, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा. नाव धैर्यशील असलं तरी पालीला भिणारा, पण व्यवहाराला पक्का. त्याचं मत पडलं की मोठी माणसं लगेच फोन करत नाहीत, मधे शोभेलसं अंतर ठेवतात. एवढं बोलून तो थांबला नाही. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘आमची हिला न्यूझीलंडचं बोलावणं आहे’ असं सांगून बसला. मयूरीने ट्रंकेतला स्वेटर उन्हात टाकला. फोन काही आला नाही. पुढे एक दिवस क्लबच्या पानावर फोटो दिसला: कुठल्याशा दुसऱ्या देशातला तरुण प्रशिक्षक, शिडीवर चढून, त्या रिकाम्या हॉलच्या छताला दोर बांधताना.

“ताई, तुम्ही नाही म्हणालात ना त्यांना,” नमिता तिला म्हणाली.

“अगं, पहिल्यांदा कोण हो म्हणतं?”

ही नमिता दोशी. लहानपणी मयूरीकडे दोर शिकायला यायची आणि नेमाने पडायची. पुढे पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर झाली. कंपनीच्या नव्या यंत्राची चाचणी आपल्याच गावात घ्यायची म्हणून ती त्या वर्षी फलटणला येऊन राहिली होती. लक्ष्मीनगरातल्या ‘फाडफाड इंग्लिश’ क्लासचा हॉल तिने भाड्याने घेतला होता. बाहेरची जुनी पाटी कोणी काढली नाही, त्यामुळे लोकांनाही सोयीचं झालं. तिने मयूरीला दंडाला धरून तिथे नेलं.

यंत्र म्हणजे दिसायला काहीच नव्हतं. गळ्याला चिकटवायची एक मऊ पट्टी, जखमेवर लावतात तेवढी, आणि कानामागे बसणारं डाळीएवढं बटण. पण त्याने काय चालवलं होतं ते नीट समजून घ्यायला हवं.

आपण बोलतो तेव्हा मेंदू आधी वाक्य जुळवतो, मग जीभ, ओठ, जबडा, स्वरयंत्र यांच्या स्नायूंना हुकूम सोडतो. हुकूम विजेच्या रूपाने मज्जातंतूंमधून खाली उतरतो. गंमत अशी, की आयत्या वेळी तोंड मिटलं आणि शब्द गिळला, तरी हुकूम निघून चुकलेला असतो. गळ्याच्या कातडीखाली त्याची पुसटशी थरथर होतेच. बाहेर आवाज नाही, ओठ हलत नाहीत, तरी आत वाक्य घडून गेलेलं असतं. ही थरथर टिपणारी पट्टी मुळात स्वरयंत्र काढून टाकलेल्या रुग्णांसाठी तयार झाली. पट्टी थरथर वाचायची, यंत्र तिचे शब्द करायचं, आणि ज्याचा आवाज गेला त्याच्याच जुन्या आवाजात ते बोलून दाखवायचं.

नमिताच्या कंपनीला पुढचं सुचलं. परकी भाषा बोलायला शिकणाऱ्याचं दुखणं बहुतेक वेळा शब्दांचं नसतंच. शब्द असतात, व्याकरणही असतं. पण वाक्य मनातून ओठांपर्यंत येईतो वाटेत भीती बसलेली असते आणि ती प्रत्येकाला झडती घेतल्याशिवाय सोडत नाही. मग वाटेतच गाठलं तर? माणसाने मराठीत बोलायचं ठरवावं, वाक्य गळ्यात उतरावं, यंत्राने ते तिथेच उचलून त्याचं इंग्रजी करावं आणि तोंड उघडायच्या आत कानामागच्या हाडातून ऐकवावं, तेही दोन वाक्यं ऐकून उचललेल्या त्याच्याच आवाजात. दुसऱ्याच्या आवाजातली भाषा पाठ करावी लागते. स्वतःच्या आवाजातली फक्त मागून म्हणायची असते. काही महिन्यांत गळ्याला ती वाट सवयीची होते आणि यंत्र हळूहळू मागे सरतं.

मयूरीने पट्टी लावली. नमिताने सांगितलं, काही मनातल्या मनात म्हणा. मयूरीला तहान लागली होती. पाणी मिळेल का, असं तिच्या मनात आलं, आणि कानामागे कोणीतरी इंग्रजीत पाणी मागितलं. आवाज तिचा होता. थोडा बसका, शेवटी किंचित वर जाणारा, मुलींना ‘सोड आता हात’ म्हणून सांगताना लागतो तो. तो आवाज एक लांबलचक, सरळ, न अडखळलेलं इंग्रजी वाक्य बोलत होता. मयूरी खुर्चीत ताठ झाली. जन्मतःच कोणी परदेशी नेलेली आपली जुळी बहीण आज अचानक कानाशी येऊन बसावी, तसं तिला झालं. ती पाणी प्यायचं विसरली.

पुढचे तीन महिने हॉल भरून गेला. डाळिंबं निर्यात करणारे रणवरे यायचे, परदेशी स्थळ ठरलेली एक मुलगी यायची, बँकेतले दोघे यायचे. सरावासाठी यंत्रात एक काल्पनिक शेजारीण होती. ती भिंतीवरच्या पडद्यातून गप्पा मारायची, हवापाणी विचारायची, आपल्या कुत्र्याबद्दल सांगायची. लोक सुधारले. रणवरे हवामानावर इतकं बोलू लागले की घरचे वैतागले. मयूरीची जीभही सैल झाली. दोराची पकड, पायाच्या अंगठ्याची चिमटी, श्वास कुठे सोडायचा, सगळं ती इंग्रजीत सांगू लागली, आणि आपल्याच तोंडून ते ऐकताना तिला दरवेळी नव्याने नवल वाटायचं.

फक्त एका ठिकाणी सगळ्यांचं घोडं अडत होतं. पडद्यातली शेजारीण सँडविच पुढे करायची आणि सगळा वर्ग, एकामागून एक, अतिशय सफाईदार उच्चारात, तिचे मनापासून आभार मानून, सँडविच नाकारायचा. शेजारीण म्हणायची, बरं. आणि बशी उचलून न्यायची. मग वर्ग पडद्याकडे बघत राहायचा. पूर्वी जे मोडक्या इंग्रजीत उपाशी राहिले असते ते आता उत्तम इंग्रजीत उपाशी राहात होते. एवढीच काय ती प्रगती.

नमिता मात्र हसत नव्हती. ती पट्ट्यांच्या नोंदी बघत होती.

पुण्याच्या ऑफिसात तिचे वरिष्ठ काही दिवसांपासून कुरकुरत होते, की तुमच्याकडच्या पट्ट्या घामाने सुटत असाव्यात, मधेच लहर दुहेरी दिसते. इतर ठिकाणच्या नोंदींत एका उत्तराला एक लहर असायची. फलटणच्या नोंदींत कधी कधी दोन होत्या: आधी एक छोटी, उभी, सुईसारखी, मग तिच्यावर चढून तिला झाकणारी मोठी. यंत्र मोठीला वाचायचं आणि छोटीला खरखर समजून टाकून द्यायचं. नमिताने नवा डिंक मागवला, नव्या पट्ट्या मागवल्या, लहर तशीच. मग तिच्या ध्यानात आलं की ही दुहेरी लहर वाटेल तेव्हा येत नाही. कोणी काही देऊ केलं की येते.

ती फलटणची नसती तर हे तिच्या डोक्यातही आलं नसतं.

तिने मयूरीला एकटीला बोलावून घेतलं. यंत्राचा क्रम तिने बदलला होता: आता ते पहिली लहर वाचणार होतं. पडद्यातल्या शेजारणीने नेहमीसारखी बशी पुढे केली. मयूरीच्या ओठांवर नेहमीचा नकार तयार होता. त्याच्याआधी, डोळ्याचं पातं लवावं इतकंच आधी, कानामागे तिचा आवाज म्हणाला: हो, द्या ना.

मयूरीने बटणाला हात लावून बघितलं.

“हे मी म्हटलं नाही,” ती म्हणाली.

“म्हटलंत. तोंडाने नाही म्हटलंत.”

मग मयूरीने नमिताला सांगितलं, की तू मॉइराबाई हो आणि मला तेव्हाचं विचार. नमिताने खुर्ची समोर ओढली आणि त्याच सुट्या सुट्या इंग्रजीत विचारलं: दोन वर्षांसाठी मुख्य प्रशिक्षक म्हणून याल का?

मयूरीचं तोंड ‘नो’साठी उघडलं होतंच. कानात आवाज आधी पोचला. हो. मी केव्हापासून वाट बघतेय, कोणीतरी विचारेल म्हणून.

तो आवाज तिचाच होता आणि त्यात लाज नव्हती. इतकी वर्षं पत्र्याखाली, दुसऱ्यांच्या हातात नारळ देताना, प्रत्येक ‘मला काय करायचंय’च्या खाली हा आवाज असा लख्ख बोलत होता, आणि जगात कोणालाही, तिला स्वतःलाही, तो ऐकू येत नव्हता. दुर्बीण लावल्यावर रोजच्या काळ्या आभाळात चांदण्यांचा चुरा दिसावा, तसं ते होतं. चांदण्या नव्या नव्हत्या.

पहिली लहर ऐकू येऊ लागल्यावर वर्गाचं काय झालं ते सांगायला हवं. रणवऱ्यांनी एका परदेशी व्यापाऱ्याला भाव परवडत नाही म्हणून सांगताना कानात स्वतःचा होकार ऐकला, भाव घेतला, आणि नंतर आठवडाभर यंत्राला शिव्या दिल्या. परदेशी स्थळ ठरलेल्या मुलीने पट्टी एकदाच लावली, चेहरा पांढरा पडेपर्यंत ऐकली, आणि ठरलेलं लग्न मोडलं. तिच्या घरचे नमितावर अजून रागावलेले आहेत. बँकेतल्या दोघांपैकी एकाने, साहेबांनी सुट्टीच्या दिवशी याल का विचारल्यावर, पहिल्या लहरीला मान देऊन ‘नाही’ म्हटलं आणि त्याची बदली झाली. बऱ्याच जणांनी नमिताला जुना क्रम परत लावून द्यायला सांगितलं. इंग्रजी शिकायला आलो होतो, म्हणाले, स्वतःची ओळख करून घ्यायला नाही.

मयूरीने मात्र मॉइराबाईंना पत्र लिहिलं. यंत्राशिवाय, स्वतःच्या इंग्रजीत, चार वेळा खोडून. आमच्याकडे पहिलं ‘नाही’ धरत नाहीत, तिने लिहिलं, पुन्हा विचारतात. माझं तेव्हाचं ‘नाही’ तसलं होतं. जागा भरली आहे हे मला माहीत आहे. पुन्हा कधी रिकामी झाली, तर मला आणखी एकदा विचाराल का?

हे लिहिताना तिला घाम फुटला. मागून घेणं म्हणजे तिच्या माहेरी, सासरी, मंडळात, कुठेच न बसणारी गोष्ट. पत्र पाठवून ती सरळ दोरावर चढली आणि मुली घरी गेल्या तरी खाली उतरली नाही.

उत्तर आलं. तिथला तरुण प्रशिक्षक हंगाम संपला की परत जाणार होता. मॉइराबाई मंगळवारी सकाळी कॉल करणार होत्या.

आता घरचं. मुलगी बंगळुरूला नोकरीला, सासू-सासरे गेलेले. मागे राहणार होता एकटा धैर्यशील. त्याने हे सगळं कानावर पडल्या क्षणापासून एकच धोरण ठेवलं होतं: जा. नातेवाइकांना सांगितलं, जाऊ दे तिला. दुकानात सांगितलं, जाणारच. तिने विचारलं तेव्हा म्हणाला, जा की, मी काय लहान आहे? इतक्या सहज म्हणाला, की मयूरीला थोडं लागलंच. चोवीस-पंचवीस वर्षांच्या संसारानंतर माणसाने निदान एकदा तरी अडवावं, अशी तिची अपेक्षा होती. अपेक्षा बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

रविवारी सरावासाठी घरी आणलेली पट्टी तिने टेबलावर ठेवली होती. धैर्यशील पेपर घेऊन समोर बसला. तुझं खूळ बघू तरी, म्हणाला, आणि पट्टी उचलून आपल्या गळ्याला लावली. बटण त्याच्या मोठ्या कानामागे बसेना, तेव्हा तिने सरावाचा छोटा स्पीकर पुढे केला. दोघं हसत होते. त्याने इंग्रजीत स्वतःला ऐकलं की काय मजा येईल, एवढाच तेव्हा दोघांचा विचार होता.

“आता बोला काहीतरी.”

“काय बोलू? जा तू बिनघोर. इथलं मी बघतो.”

पण स्पीकर त्याच्याआधी बोलला. धैर्यशीलच्या आवाजात, भारदस्त, बातम्या वाचावं तशा इंग्रजीत. डोन्ट गो. मग थोडं थांबून, तसंच सावकाश: हे घर मला एकट्याला सोसवणार नाही.

दुसऱ्या वाक्याचा अर्थ धैर्यशीलला कळला की नाही, सांगता येत नाही. पहिल्याचा कळायला इंग्रजी यावं लागत नाही. त्याचा हात पेपरवर तसाच राहिला. मयूरीने स्पीकर उपडा ठेवला, जणू त्याने काही चूक केली होती. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती. तो माणूस किक मारत होता, मारत होता, आणि दोघं तिकडेच लक्ष देऊन ऐकत बसले.

तिच्या मनात आलं, की झालं, संपलं. खरं काय ते यंत्राने सांगितलं. आता कसलं जाणं.

धैर्यशीलने पट्टी काढली. कातडीला चिकटली होती, ती सोडवताना तोंड वाकडं केलं. पट्टीची नीट घडी घालून तिच्यापुढे ठेवली.

“आधीचं जे बोललं ना ते, ते खोटं नाही,” तो म्हणाला. “आहे मनात. पण ते आपोआप आलं, मला न विचारता. नंतरचं मी म्हटलं. त्याला मला जोर लावावा लागला. तुझं मशीन जोराला खरखर म्हणतं का?”

नमिताने पडद्यावर दाखवलेल्या त्या दोन लहरी मयूरीच्या डोळ्यांपुढे आल्या: छोटी, सुईसारखी, आणि तिच्यावर चढत जाणारी मोठी. नमिता आणि तिची कंपनी, सगळी हुशार माणसं, आधी छोटीला खरखर म्हणत होती, आणि आता छोटीला खरं आणि मोठीला शिष्टाचार. दोघींच्या मधली ती डोळ्याच्या पापणीएवढी जागा कोणी मोजलीच नव्हती. तेवढ्या जागेत समोर बसलेल्या, पालीला भिणाऱ्या या माणसाने आपलं एकटेपण उचलून बाजूला ठेवलं होतं. रोज, प्रत्येक वेळी विचारल्यावर, नव्याने. आणि तिला वाटलं होतं की हा सहज म्हणतोय. माणसाच्या गळ्यात, आवंढ्याएवढ्या जागेत, एवढी मोठी घडामोड होते आणि बाहेर फक्त ‘जा की’ ऐकू येतं, याचं तिला इतकं नवल वाटलं की रडू यायचं राहून गेलं.

“बरं,” ती म्हणाली. “मंगळवारी कॉल आहे.”

“माहितंय,” तो म्हणाला, आणि पेपरात तोंड घातलं. पेपर उलटा नव्हता, पण पान मात्र त्याने बराच वेळ पलटलं नाही.

मंगळवारी सकाळी तिने पट्टी लावली. नमिताने सांगून ठेवलं होतं, की पहिल्या लहरीवर ठेवा ताई, तुमचा ‘हो’ तुम्हाला आधी ऐकू येईल, मग फक्त मागून म्हणायचं. मयूरीने मान हलवली होती. धैर्यशील बाहेर पायरीवर बसला होता. दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती.

मॉइराबाई पडद्यावर आल्या. तुमचं पत्र मी क्लबच्या सभेत वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या. आधी सगळे हसले. मग एक जण म्हणाला, आपण आजवर अशी किती ‘नाही’ घेऊन माघारी फिरलो असू? त्यानंतर कोणी हसलं नाही. एवढं सांगून त्या थांबल्या आणि त्यांनी विचारलं: याल का?

मयूरी आपल्या होकाराची वाट बघत होती. कानामागे तिचा आवाज आला.

नाही. मला इथे राहायचंय. ते एकटे पडतील.

तिला वाटलं, यंत्र बिघडलं. मग वाटलं, नाही, यंत्र ठणठणीत आहे. काही महिन्यांपूर्वी याच गळ्याने याच प्रश्नाला, कुणाची पर्वा न करता, ‘हो’ म्हटलं होतं. तेही खरं होतं. आज तो गळा ‘नाही’ म्हणत होता आणि हेही खरं होतं. रविवारपासून आत कुठेतरी त्या छोट्या लहरीने बाजू बदलली होती, तिला न विचारता. तळाशी एक कायमचा खरा शब्द असेल, तिथवर पोचलं की प्रश्न सुटेल, अशी तिची समजूत होती. तळ असा नव्हताच. खाली जावं तितकं खोल होतं, आणि सगळीकडे कोणीतरी तिच्याच आवाजात बोलत होतं.

भीती वाटायला हवी होती. तिला पहिल्यांदा दोरावर उंच गेल्यावर वाटलं होतं तसं वाटलं. उंचावर गेलं की हात आपोआप दोर आवळतो. त्याला आवळू नको म्हणून सांगून उपयोग नसतो, तो ऐकत नाही. त्याचं आवळणं आपण नुसतं ओळखायचं, आणि मग, जोर लावून, बोट बोट सोडायचं.

“येस,” मयूरी म्हणाली. “आय विल कम.”

मॉइराबाई लगेच हसल्या नाहीत. त्यांनी पुढे झुकून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी पत्र नीट वाचलेलं दिसत होतं.

“तुमच्याकडे पहिलं उत्तर धरत नाहीत,” त्या इंग्रजीत, सावकाश म्हणाल्या. “म्हणून पुन्हा विचारते. याल का, मयूरी?”

आजवर या दुसऱ्यांदा विचारण्याला ती आग्रह समजत आली होती. विचारणाऱ्याची माया, ऐकणाऱ्याचा मान. आता, गळ्याला पट्टी आणि कानाला बटण लावून बसलेली असताना, तिला दिसलं की कोणा जुन्या, नाव नसलेल्या माणसांनी पट्टीबिट्टी काही नसताना हे ओळखलं होतं: पहिल्यांदा विचारल्यावर गळ्यात गर्दी होते. ती गर्दी आवरायला माणसाला थोडा वेळ लागतो. तो वेळ समोरच्याने द्यायचा असतो, आणि देताना असं दाखवायचं असतं की आपण चहाबद्दलच बोलतोय.

मॉइराबाई थांबल्या होत्या. कानामागे काही येतंय का म्हणून मयूरीनेही वाट पाहिली. आलं. तिचाच आवाज, थोडा बसका, शेवटी किंचित वर जाणारा. येस, तो म्हणाला, आणि तिचं तोंडही त्याच वेळी तेच म्हणत होतं. कोण आधी, कोण नंतर, हे तिला सांगता आलं नसतं.

कॉल संपल्यावर ती बाहेर येऊन पायरीवर बसली. गळ्याची पट्टी तशीच होती. धैर्यशीलने तिच्याकडे न बघता विचारलं, की काय झालं.

“हो म्हटलं.”

“पहिल्याच फटक्यात?”

“दोनदा.”

सरकून त्याने तिला ऐसपैस बसायला जागा करून दिली.

“दोनदा म्हटलंस म्हणजे जाणार तू,” तो म्हणाला.